अकरावीची गुणपत्रिका आणि दुकानाची वही

प्रश्न : माझी मुलगी नागपुरात राज्य मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी विज्ञान शाखेत आहे. दहावीपर्यंत ती मराठी माध्यमात शिकली आणि दहावीला तिला ९५ टक्के मिळाले. अकरावीच्या पहिल्या सत्रात मात्र ७८ टक्क्यांवर आली. तिला अमेरिकेतील एखाद्या मोठ्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकायचे आहे. आमचे सक्करदऱ्यात किराणा दुकान आहे आणि आम्हा दोघांचेही शिक्षण बारावीपर्यंतच झाले आहे. एका सल्लागाराने सांगितले की तिकडे गुण बघत नाहीत, ‘प्रोफाइल’ बघतात. सामाजिक संस्था काढून देणे, शोधनिबंध छापून आणणे आणि निबंध लिहून देणे हे सर्व तो साडेतीन लाखांत करतो. मुलीचे मामा म्हणतात की ९५ चे ७८ झाले तिथेच विषय संपला. आता हजेरीची सक्ती नसलेल्या टाय-अप कॉलेजात नाव घालून जेईईची तयारी करू द्या, असे त्यांचे मत आहे. मुलीला वेगळे काही छंद नाहीत. संध्याकाळी सात ते नऊ दुकानात बसून गल्ला आणि उधारीची वही सांभाळते, एवढेच. तिला हा नाद सोडायला सांगावा का? — एक आई

उत्तर : ताई, मुलीला नाद सोडायला सांगू नका. सल्लागाराला साडेतीन लाख रुपयेही देऊ नका आणि चालू महाविद्यालयातून नाव काढून टाय-अप कॉलेजात तर मुळीच घालू नका. इतक्या ठामपणे का सांगते आहे ते सविस्तर लिहिते, कारण आपल्यासारख्या घरांत या प्रवेशांची माहिती बहुतेक वेळा ती विकणाऱ्याकडूनच पोहोचते.

‘तिकडे गुण बघत नाहीत’ हे सल्लागाराचे वाक्य खरे नाही. अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठे दरवर्षी स्वतःची माहिती एका ठरावीक नमुन्यात प्रसिद्ध करतात आणि ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. प्रवेश देताना आपण कोणत्या गोष्टीला किती महत्त्व देतो, हे त्यांनी त्यातील एका तक्त्यात सांगितलेले असते. तक्त्याची सुरुवातच घेतलेल्या विषयांची काठिण्यपातळी, वर्गातील क्रमांक आणि शालेय गुण यांनी होते, आणि त्यानंतर प्रवेश परीक्षा, निबंध व शिक्षकांची शिफारसपत्रे येतात. मुलाखत, छंद, स्वभाव, कुटुंबातून प्रथमच महाविद्यालयात जाणे, पगारी काम, स्वयंसेवा या गोष्टी त्याच्याही पुढे येतात. निवडक प्रवेश देणाऱ्या बहुतेक विद्यापीठांनी शालेय अभ्यासासमोर ‘अत्यंत महत्त्वाचे’ या रकान्यात खूण केलेली असते.

मग केवळ गुणांवर प्रवेश का मिळत नाही? हार्वर्ड विद्यापीठाविरुद्ध प्रवेशांच्याच प्रश्नावर खटला चालला होता आणि त्याचे पहिले निकालपत्र २०१९ मध्ये आले. त्यात एका वर्षाचे आकडे दिले आहेत. अमेरिकेतूनच आलेल्या सुमारे २६,००० अर्जदारांपैकी ८,००० हून अधिक जणांचे शालेय गुण पैकीच्या पैकी होते आणि सॅट या अमेरिकी प्रवेश परीक्षेच्या गणितात सुमारे ३,५०० जणांना पूर्ण गुण होते. पहिल्या वर्षाच्या जागा मात्र साधारण १,६०० होत्या. गुण कमी असले तर अर्ज मागे पडतो आणि गुण पूर्ण असले तरी त्या आठ हजारांच्या रांगेत उभे राहावे लागते. त्या रांगेतून कोणाला आत घ्यायचे हे इतर गोष्टींवर ठरते. मामांना पहिला अर्धा भाग दिसतो आणि सल्लागार दुसरा अर्धा भाग विकतो.

आता मूळ मुद्द्याकडे येते, तो म्हणजे अकरावी. आपल्याकडे सगळा जीव दहावी आणि बारावीत अडकलेला असतो. अकरावी हे ‘जरा श्वास घेण्याचे’ वर्ष आहे असे आईवडील उघडपणे म्हणतात आणि मुलेही तसेच वागतात. दहावीची गुणपत्रिका लॅमिनेट होऊन कपाटात जाते, तर अकरावीची, कॉलेजच्या साध्या कागदावरची आणि जांभळा शिक्का मारलेली, एखाद्या गाइडच्या पानांत राहून रद्दीत निघून जाते. मंडळाचा निकाल नाही, तर तिला कोण विचारणार, असा हिशेब असतो. प्रत्यक्षात तारखा पाहा. अमेरिकेतील विद्यापीठांसाठी अर्ज बारावीच्या वर्षात, लवकरच्या फेरीत साधारण १ नोव्हेंबरपर्यंत आणि नेहमीच्या फेरीत बहुधा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत करायचे असतात. नेहमीच्या फेरीचे निर्णय मार्चअखेरपर्यंत लागतात. राज्य मंडळाची बारावीची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते आणि निकाल मे महिन्यात लागतो. म्हणजे आपली मुलगी हवी की नको हे ठरवणाऱ्याच्या हाती तिचा बारावीचा निकाल नसतोच. त्याच्यापुढे नववी, दहावी, अकरावी आणि बारावीच्या सत्र परीक्षेचे गुण असतात, आणि त्यांत सर्वांत अलीकडचे पूर्ण वर्ष अकरावीचे असते. बारावीचा निकाल नंतर पाठवावा लागतो आणि तो फार घसरला तर दिलेला प्रवेश मागे घेण्याचा अधिकार विद्यापीठ राखून ठेवते. निर्णय मात्र त्यापूर्वी झालेला असतो.

म्हणून ७८ टक्क्यांची काळजी करायला हवी, पण मामा म्हणतात त्या अर्थाने नव्हे. प्रथम सत्र संपले आहे, वार्षिक परीक्षा अजून व्हायची आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र पहिल्यांदाच इंग्रजीतून शिकावे लागले की पहिल्या सत्रात गुण उतरतात, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. ते वार्षिक परीक्षेत वर चढले तर अर्ज वाचणाऱ्याला ती चढण दिसते, आणि माध्यम बदलल्याची माहिती प्राचार्यांच्या पत्रात एका वाक्यात देता येते. दुसरी गोष्ट, ७८ हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. अर्जासोबत महाविद्यालयाने स्वतःची ओळख करून देणारे एक-दोन पानी पत्रक पाठवायचे असते. त्यात वर्गात किती विद्यार्थी आहेत, कोणते विषय शिकवले जातात, तपासणी किती कडक आहे आणि गुणांची वाटणी कशी आहे, हे लिहितात. अकरावीच्या वर्गात सर्वांत अधिक गुण ८४ टक्के असतील, तर ७८ टक्क्यांची मुलगी पहिल्या काही जणांत आहे. तोच आकडा, जिथे निम्म्या वर्गाला नव्वदच्या वर गुण मिळतात अशा शाळेतून आला, तर त्याचा अर्थ अगदी निराळा होतो. मोठ्या शहरांतील महागड्या शाळांमध्ये हे पत्रक तयार करायला समुपदेशक नेमलेला असतो. आपल्या महाविद्यालयात तो नसेल, तर उपप्राचार्यांना भेटून नम्रपणे विनंती करा. यासाठी पैसे लागत नाहीत, एक दुपार लागते. टक्क्यांचे चार गुणांच्या अमेरिकी पट्टीत रूपांतर स्वतःच्या हिशेबाने करू नका. जसे गुण दिले आहेत तसेच पाठवावेत.

सॅट परीक्षेविषयी थोडक्यात सांगते. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाने २०२२ मध्ये आणि हार्वर्डने २०२४ मध्ये ती पुन्हा सक्तीची केली. उलट कॅलिफोर्निया राज्याच्या सरकारी विद्यापीठांत पदवीच्या प्रवेशासाठी तिचे गुण पाहिलेच जात नाहीत. राज्य मंडळाच्या मुलीने ती अवश्य द्यावी असे माझे मत आहे, कारण महाविद्यालयाचे नाव ज्याने कधी ऐकलेले नाही त्याच्या हाती तेवढे एकच मोजमाप ओळखीचे असते. अकरावी-बारावीचे गणित नीट केलेल्या मुलीला त्यातील गणिताची धास्ती वाटू नये. इंग्रजीच्या भागासाठी मात्र रोजचे वाचन आतापासूनच सुरू करावे.

आता टाय-अप कॉलेज. मामांचा हेतू चांगला आहे यात शंका नाही. जेईईसाठी नागपुरात ही रीत इतकी रुळली आहे की नाव एका कॉलेजात आणि मुलगी दिवसभर कोचिंग क्लासमध्ये यात कोणाला वावगे वाटत नाही. जेईईत शेवटी परीक्षेतील क्रमांक मोजला जातो, त्यामुळे तिथे ते खपते. अमेरिकेच्या अर्जासाठी मात्र तिला वर्गात शिकवलेल्या शिक्षकांची शिफारसपत्रे लागतात. बऱ्याच नामांकित विद्यापीठांना दोन शिक्षकांची आणि शिवाय महाविद्यालयाच्या वतीने एक, अशी पत्रे हवी असतात. ज्या कॉलेजात ती फक्त परीक्षेपुरती जाईल, तिथे तिच्याविषयी कोण लिहिणार आणि काय लिहिणार? तिथे गुण कदाचित मिळतीलही, पण तिला ओळखणारा माणूस मिळणार नाही.

यातील एक चूक माझ्याही हातून झालेली आहे. मी अठ्ठावीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवले. एके वर्षी तीन विद्यार्थ्यांना परदेशी अर्जासाठी माझे पत्र हवे होते. मी एकच मजकूर लिहिला आणि नावे बदलली. हुशार, शिस्तप्रिय, नम्र, होतकरू असे चार शब्द त्यात होते आणि तेवढेच होते. त्या तिघांतील एका मुलीने अकरावीला संभाव्यतेच्या धड्यात पुस्तकातील एका उत्तरावर शंका घेतली होती आणि दुसऱ्या दिवशी तीन पाने भरून आकडेमोड करून आणली होती. उत्तर पुस्तकातलेच बरोबर होते, परंतु आपण कुठे चुकलो हे तिने तिसऱ्या पानावर स्वतःच शोधून काढले होते. मला ती पाने आजही आठवतात. पत्रात मात्र मी त्यांचा उल्लेख केला नाही, कारण शिफारसपत्रात मुलीची चूक सांगायची नसते असा माझा समज होता. तिला हवा होता तो प्रवेश मिळाला नाही. माझ्या पत्रामुळे मिळाला नाही असे मी म्हणू शकत नाही, पण माझ्या पत्राचा तिला काही उपयोग झाला नाही एवढे नक्की. म्हणून आपल्या मुलीला सांगा की ज्या दोन शिक्षकांकडे पत्र मागायचे आहे, त्यांच्या वर्गात या वर्षी तोंड उघडून प्रश्न विचार. आणि शिक्षकांना सांगा की विशेषणे नकोत, एखादा प्रसंग लिहा.

आणि आता आपल्या पत्रातील ज्या ओळीपाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबले, ती ओळ : ‘गल्ला आणि उधारीची वही सांभाळते, एवढेच.’ ताई, हे ‘एवढेच’ खोडून टाका. अमेरिकेतील एक हजाराहून अधिक विद्यापीठे ज्या ‘कॉमन ॲप’ नावाच्या एकत्रित अर्जावर प्रवेश देतात, त्यात अभ्यासाबाहेरच्या दहा गोष्टी लिहिण्याची सोय आहे आणि प्रत्येकीच्या वर्णनाला १५० अक्षरांची मर्यादा आहे. वाद्य, खेळ, वक्तृत्व यांच्या बरोबरीने ‘पगारी काम’ आणि ‘कौटुंबिक जबाबदारी’ असे स्वतंत्र प्रकार त्या यादीत दिलेले आहेत. दर आठवड्याला किती तास आणि वर्षातून किती आठवडे, हेही विचारतात. रोज दोन तास, आठवड्याचे सहा दिवस धरले तरी बारा तास होतात. एका रविवारी झालेल्या शिबिराच्या प्रमाणपत्रापेक्षा हे फार वजनदार आहे.

त्या वहीत काय आहे हे मला ठाऊक नाही, पण किराणा दुकानाची वही मी लहानपणापासून पाहिलेली आहे. नोकरदार घरांची उधारी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात फिटते आणि रोजंदारीवर असणाऱ्यांची आठवडी बाजाराच्या आगेमागे. पोळ्याच्या आधी आणि दिवाळीच्या तोंडावर उधारी फुगते. काही नावांपुढे वायदा कधीच पाळला जात नाही, तरीही दुकानदार माल देणे थांबवत नाही. का थांबवत नाही? त्याचा विचार ज्या मुलीने दोन वर्षे वहीसमोर बसून केला असेल, तिला अर्थशास्त्र का शिकायचे हे पटवून द्यायला साडेतीन लाखांची गरज नाही. एका रविवारी तिला जुन्या वह्या घेऊन बसवा. किती खाती आहेत, सरासरी किती दिवसांनी पैसे येतात, तिने स्वतः कोणता बदल केला आणि त्याने काय झाले, हे तिला तारखांसह लिहू द्या. गिऱ्हाइकांची नावे मात्र बाहेर जाता कामा नयेत. या कामाला ‘युवा उद्योजिका’ अशी भारदस्त पाटी लावण्याचा मोह कोणी केला, तर तोही टाळा.

सल्लागाराच्या संस्थेविषयी माझे मत कठोर आहे. अकरावीच्या मे महिन्यात जन्मलेली आणि बारावीच्या जानेवारीत गप्प झालेली संस्था वाचणाऱ्यांच्या नजरेतून सुटत नाही. पैसे देऊन छापलेला शोधनिबंध आणि दुसऱ्याने लिहिलेला निबंध तर सरळ खोटेपणा आहे. अर्जात दिलेले सर्व लेखन व माहिती माझी स्वतःची आणि खरी आहे, अशी हमी मुलीला अर्जातच स्वतःच्या नावाने द्यावी लागते. ती खोटी ठरली तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो, आणि त्या वेळी सल्लागार तिच्या शेजारी उभा नसेल. मुख्य निबंधाची मर्यादा ६५० शब्दांची आहे. तिने तो आधी मराठीत लिहून पाहिला तरी चालेल, मग स्वतःच्या साध्या इंग्रजीत लिहावा आणि इंग्रजीच्या शिक्षकांकडून फक्त भाषेच्या चुका तपासून घ्याव्यात. गरिबीचे रडगाणे नको आणि मोठमोठे शब्दही नकोत.

या ‘इतर गोष्टी’ सगळ्याच न्याय्य असतात असे मात्र समजू नका. अर्जदाराचा ‘स्वभाव’ पाहण्याची प्रथा अमेरिकेत १९२० च्या दशकात जोर धरू लागली, आणि परीक्षेत उत्तम गुण मिळवणाऱ्या ज्यू मुलांची संख्या आवरणे हा तिच्यामागचा एक हेतू होता. वर सांगितलेल्या हार्वर्डच्या खटल्याच्या निकालपत्रात असेही नमूद आहे की खेळाडू म्हणून निवडलेले, माजी विद्यार्थ्यांची व प्राध्यापकांची मुले आणि अधिष्ठात्यांच्या खास यादीतील अर्जदार हे सारे मिळून अर्जदारांत पाच टक्क्यांहूनही कमी असतात, पण प्रवेश मिळालेल्यांत त्यांचा वाटा सुमारे तीस टक्के असतो. हाच खटला पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २९ जून २०२३ च्या निकालाने प्रवेश देताना वंशाचा विचार करण्यावर बंदी आली. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप मात्र त्या निकालाने गेले नाही. आपल्या मुलीच्या हातात नसलेल्या या बाबी आहेत. नकार आला तर त्यात यांचाही भाग असतो, हे तिला आजच सांगून ठेवलेले बरे.

आणि एक बाब अशी की जिच्याविषयी सल्लागाराने आपल्याला अवाक्षरही सांगितलेले दिसत नाही. ती म्हणजे पैसा. अमेरिकेतील नामांकित खासगी विद्यापीठांचा एकूण वार्षिक खर्च ८०,००० डॉलरच्या पुढे गेला आहे, म्हणजे वर्षाला ७० लाख रुपयांच्या आसपास. आर्थिक मदतीशिवाय तो आपल्या आवाक्याबाहेर आहे, हे स्पष्ट लिहिल्याबद्दल राग मानू नका. परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली आहे हे निर्णय घेताना अजिबात विचारात न घेणारी विद्यापीठे मोजकीच आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲम्हर्स्ट, डार्टमथ आणि बोडन ही त्यांत येतात. इतर बहुतेक ठिकाणी मदतीची मागणी हाही निवडीतील एक घटक असतो आणि तो विरुद्ध बाजूने काम करतो. म्हणून काही जण ‘आधी मदत नको म्हणा, नंतर मागू’ असा सल्ला देतात. तसे करू नका. अर्जाच्या वेळी न मागितलेली मदत परदेशी विद्यार्थ्याला नंतर मागता येत नाही, असा नियम अनेक विद्यापीठांत आहे. वर दिलेली नावे जगात सर्वांत कठीण प्रवेशाची आहेत. २०२३ च्या प्रवेशांसाठी एकट्या हार्वर्डकडे सुमारे ५७,००० अर्ज आले आणि २,००० हून कमी जणांना होकार मिळाला. त्यांतील दोन-तीन ठिकाणी आणि परदेशी विद्यार्थ्यांना चांगली मदत देणाऱ्या चार-पाच लहान महाविद्यालयांत तिने अर्ज करावा. अर्जाचे शुल्क परवडत नसेल तर ते माफ करून घेण्याची सोय पुष्कळ ठिकाणी आहे.

आपल्या देशातली वाट त्याच वेळी चालू ठेवावी, आणि ती दुय्यम म्हणून नव्हे. दिल्ली विद्यापीठात २०२१ मध्ये काही महाविद्यालयांचा कटऑफ शंभर टक्क्यांवर गेला होता. २०२२ पासून तिथे सीयूईटी ही प्रवेश परीक्षा आली, त्यामुळे बारावीच्या टक्क्यांची ती चढाओढ उरली नाही आणि राज्य मंडळाच्या मुलांनाही त्याच परीक्षेतून जाता येते. पुण्याची गोखले संस्था अर्थशास्त्राच्या पदवीसाठी वेगळी परीक्षा घेते. अझीम प्रेमजी विद्यापीठ आणि अशोका विद्यापीठ हे परीक्षेसोबत मुलाखतही पाहतात आणि कुटुंबाच्या उत्पन्नानुसार मदतही देतात. जेईईचा मार्ग तिला अभियंता व्हायचे असेल तरच घ्यावा. तिने तसे म्हटल्याचे आपल्या पत्रात कुठेही नाही.

या आठवड्यात एक काम करा. तिची नववीची गुणपत्रिका शोधून ठेवा. ती शाळेच्या प्रगतिपुस्तकात असेल, मराठीत असेल, आणि बहुधा कुठल्यातरी पेटीच्या तळाशी असेल. मुख्याध्यापकांकडून तिचा शिक्क्यासह इंग्रजी अनुवाद करून घ्यावा लागेल. ती सापडली नाही तर शाळेच्या जुन्या नोंदींतून दुसरी प्रत मिळवायला वेळ लागतो, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेचे कार्यालय धड उघडे नसते.